पुसून टाकलेला पापुद्रा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मला इथे बोलावतात ते बहुधा कवितेसाठी. पावसाळा आला की पावसावर, ईद आली की ईदवर. या खेपेला 'मनात येईल त्या विषयावर बोला' असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, गाडीच्या रबरी पाइपवर बोलतो. समोरचे गृहस्थ हसले. कवी म्हणतोय म्हणजे यात काहीतरी रूपक असणार, असं त्यांना वाटलं. तसं काही नाही. बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये जो काळा, जाडजूड रबरी पाइप दिसतो, ज्याला गॅरेजवाले होज म्हणतात, त्याच्यावरच मी बोलणार आहे. आणि त्याच्यावर पडणाऱ्या डागांवर. कारण अशा एका डागापायी माझे ३१ हजार रुपये गेले आणि ७४ वर्षांची माझी आई मे महिन्याच्या उन्हात दोन तास आंबा घाटात बसून राहिली. पैशांचं दुःख सरलं. दुसरं अजून पुरतं सरलेलं नाही.

मिरजेत आमच्या चाचांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि दारात कडुलिंब. बी. ए. होईपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी तिथे गेली. माझं काम पाने पुसून जागच्या जागी ठेवणं आणि चहा सांगून येणं. इंजिनाला हात लावायची परवानगी मला फारशी नव्हती. पण बघायला कोण अडवणार? चाचांच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, फिकट गुलाबी होती. एका तापलेल्या जीपच्या रेडिएटरचं झाकण त्यांनी घाईत उघडलं होतं. ती गोष्ट माझ्या जन्माआधीची. अम्मा तेव्हा नुकतीच रत्नागिरीकडून लग्न होऊन आमच्या घरात आली होती. दिराच्या त्या हाताला महिनाभर मलम लावायचं काम तिच्याकडे आलं. मिरजेत येऊन मी पहिलं काय शिकले असेन तर ते हेच, असं ती अजून सांगते.

चाचांची एक पद्धत होती. गाडी आली की ते बॉनेट उघडायचे आणि हात मागे बांधून नुसते बघत उभे राहायचे. बीडी संपेपर्यंत. एखादा नवा पोरगा फडकं घेऊन पुढे धावला की ओरडायचे, 'पोंछ नको रे, पहले देख!' आमच्या घरची दखनी अशीच, तिच्यात मराठीचा 'नको' घट्ट बसलेला. हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं असेल. आणि पुढे नेमकं तेच विसरलो.

सन २०१९चा मे महिना. अम्माच्या माहेरी, रत्नागिरीला, लग्न होतं. माझी गाडी छोटी, पेट्रोलवरची, सेकंड हँड घेतलेली. तेव्हा ती नऊ वर्षांची झाली होती. लग्नाला जायचं, चार नातेवाईक बघणार, म्हणून आदल्या रविवारी मी ती धुवायला काढली. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या अंगाला जो होज येऊन बसतो, त्याच्या टोकाशी, क्लिपच्या कडेने, पांढरट हिरवा पापुद्रा जमला होता. उन्हात वाळत टाकलेल्या सुकटीवर मीठ फुलतं तसा. खाली जमिनीवर एक थेंब नाही. मी म्हटलं, धूळ असेल, क्षार असेल. ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. डॅशबोर्डला लावायचं पॉलिश हातात होतं, ते सगळ्या होजवर चोळलं. पाइप काळे कुळकुळीत झाले. कविता छापायला देण्याआधी दहादा घासूनपुसून काढायची मला सवय आहे; तीच गाडीलाही लावली म्हणा.

दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गाडी दाखवली. घाटातून जायचंय, एकदा नजर टाका म्हटलं. त्यांनी ऑइल बघितलं, ब्रेक बघितले, बॉनेटखाली डोकावले आणि म्हणाले, "होज नवे टाकलेत वाटतं." मी गप्प राहिलो. खोटं बोललो नाही, पण 'नाही हो, नुसतं पॉलिश आहे' असंही म्हणालो नाही. गाडीचं कौतुक होतंय, ते ऐकायला बरं वाटलं. आजही हे सांगताना मला लाज वाटते. मिस्त्रींचा यात काडीचा दोष नाही. ज्या खुणेवरून त्यांना कळलं असतं, ती मीच आधी पुसून ठेवली होती.

तो पापुद्रा म्हणजे काय होतं, ते सांगतो. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट घालतात ते मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव, पाणी आणि गंज लागू नये म्हणून घातलेले काही क्षार यांचं मिश्रण असतं. होजच्या टोकाला केसाएवढी फट पडली की इंजिन तापल्यावर तिथून ते पाझरतं. थेंब खाली पडायच्या आतच गरम पाइपवर त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे राहतो तो रंग आणि क्षार. म्हणून जमीन कोरडी. आपण गाडीखाली वाकून बघतो, काही दिसत नाही, आणि निश्चिंत होतो. हा पापुद्रा हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा कसलाही असू शकतो, कारण तो रंग कूलंट बनवणाऱ्याने घातलेला असतो. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही, हे इथेच सांगून टाकतो. एकाचं हिरवं आणि दुसऱ्याचं हिरवं हे एकच असेल असं नाही. 'लाल संपलंय, हिरवं ओतू का?' असं कुणी विचारलं तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडावं. भलतीच दोन कूलंट एकत्र केली तर गंज रोखायचा त्यांचा गुण कमी होतो, कधीकधी आत गाळही धरतो.

आता घाटाकडे येतो. जाताना उतार होता, काही झालं नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, अम्माने आमसुलं आणि फणसपोळी बांधून घेतली. परत निघालो ते दुपारी, ही दुसरी चूक. साखरपा सोडून चढ सुरू झाला. पुढे एक ट्रक, त्याच्या मागे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू. तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी एसी बंद केला. काटा आणखी वर गेला. गाडी बाजूला घ्यावी अशी जागा शोधतोय, तोच काटा एकाएकी खाली आला. मी बायकोला म्हटलं, "आलं बघ, गार झाली." आणि गाडी पुढे रेटली.

हा काटा कसा फसवतो ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. तापमान मोजणारी छोटी कळ कूलंटमध्ये बुडालेली असते. कूलंट कमी होऊन तिच्याखाली गेलं की ती हवेत, वाफेत लोंबकळत राहते आणि चक्क कमी तापमान सांगू शकते. म्हणजे इंजिन जळत असतं आणि काटा म्हणतो, सगळं ठीक आहे. वर चढलेला काटा घाटात अचानक खाली पडला, तर गाडी तत्क्षणी थांबवायची. मी थांबवली नाही. पाचशे मीटर गेलो असेन. इंजिन खडखडलं आणि बंद पडलं.

बॉनेटमधून वाफ येत होती. पुढचा ट्रकही थांबला. त्याच्यावरचा पोरगा फडकं हाताला गुंडाळून मदत करायला धावत आला आणि त्याने सरळ रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मागच्या सीटवरून अम्मा ओरडली, "हात लावू नको रे! भाजशील!" इतक्या मोठ्याने मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पोरगा दचकून मागे सरला. पन्नास वर्षांपूर्वीचा दिराचा हात तिला दिसला असणार.

ते झाकण म्हणजे नुसतं झाकण नसतं. त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, तो आतलं कूलंट दाबाखाली ठेवतो. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार दाब जास्त असला तर साधं पाणीसुद्धा १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल असलं तर त्याहून वर. दाबामुळेच इंजिन घाट चढू शकतं. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं. होजला फट पडल्यावर आत हेच, पण हळूहळू होतं. दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं, उकळून आणखी बाहेर जातं.

ट्रकचे ड्रायव्हर मामा खाली उतरले. साठीच्या पुढचे. म्हणाले, "अर्धा तास तरी कुणी हात लावायचा नाही." अम्माच्या मांडीवर दोन लिटरची पाण्याची बाटली होती, तिच्याबरोबर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची डबी. मी ती बाटली घेतली, इंजिनावर ओतावी म्हणून. मामांनी हात धरला. "तापल्या लोखंडावर गार पाणी टाकून तडा घालताय काय? ते पाणी म्हातारीला द्या." मी बाटली परत दिली. अम्मा काही बोलली नाही. पदराने वारा घेत बसली. झाडाची सावली होती, पण सावलीतही झळ येत होती.

गाडी निवल्यावर मामांनी झाकणावर जाड फडकं टाकून ते थोडं सैल केलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, मग उघडलं. रेडिएटर जवळजवळ कोरडा. वरच्या होजची क्लिप सोडली, तर क्लिपच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढी चीर होती. मामांनी सुरीने ते टोक इंचभर कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली, ट्रकमधलं पाणी घातलं. रस्त्यावरची ही दुरुस्ती शंभर टक्के बरोबर होती, पण उशीर झालेला. गाडी चालू केली तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर आला. "हेड गेलं," मामा म्हणाले. अम्माला आणि बायकोला एका वडापमध्ये बसवून मी मलकापूरला पाठवलं. गाडी ओढून कोल्हापूरला न्यायला रात्र झाली.

कोल्हापूरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "होज कधी बदलले होते?" मी म्हटलं, "मी तरी कधीच नाही." "मग इतके काळे कसे?" त्यांनी होजवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या पॉलिशच्या चिकटपणावर कोकणातली जांभ्याची लाल धूळ जाऊन बसली होती. मला वाटलं, गंज! ते म्हणाले, "धूळ वरच्या अंगाला सगळीकडे सारखी बसते. गंजाचं पाणी जोडापासून खाली ओघळत जातं. हे वेगळं, ते वेगळं." अकरा दिवस गाडी तिथे होती. मी तीनचारदा गेलो, आणि बी. ए. होताना राहून गेलेलं शिक्षण बरंचसं तिथे पुरं केलं. चाचा तोवर राहिले नव्हते.

होजवर तांबूस ओघळ असेल तर समजायचं की आत गंज आहे. बहुधा कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी घालत आलंय. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे, की रोज चहा केलेल्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल? घालायचं तर डिस्टिल्ड पाणी. झाकणाखाली किंवा कूलंटच्या बाटलीत दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र ऑइल आणि पाणी कुठेतरी एकत्र होतंय. मग गाडी जागची हलवू नये.

होज एखाद्या ठिकाणी फुगलेला, मऊ, चकचकीत, हाताला चिकट लागत असेल तर तिथे ऑइल पडतंय. हे रबर, ईपीडीएम त्याचं नाव, उष्णतेला आणि कूलंटला पक्कं असतं, पण खनिज तेलाने फुगतं. इथे लोक होज बदलतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. होजचा तिथे दोष नसतोच. वर बघायचं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असतं. चाचा म्हणायचे, मार खाणाऱ्याला काय विचारतोस, मारणाऱ्याला शोध.

राखाडी पडलेला, दाबल्यावर कडक लागणारा, वाकवल्यावर बारीक भेगा दाखवणारा होज म्हाताराच झालेला असतो. उष्णतेने तो सुकतो, सायलेन्सरच्या बाजूचा आधी. तो बदलायचा, वाद घालायचा नाही. पण सगळ्या पाइपवर सारखी, बोटाने पुसली जाणारी पांढरट साय असेल तर घाबरायचं कारण नाही. रबरात घातलेलं मेण आणि टिकवण्याची द्रव्यं पृष्ठभागावर येतात, त्याची ती साय. पापुद्रा आणि साय यांतला फरक जागेवरून कळतो. साय सगळीकडे असते. पापुद्रा जोडाशी असतो, खरखरीत असतो आणि पुसला तरी त्याच जागी परत येतो.

आणि काही होज तर बाहेरून एकही डाग दाखवत नाहीत. कूलंटमधून अगदी सूक्ष्म वीज वाहते आणि ती आतून, टोकांजवळ, रबराला चिरत जाते. वरून नवा, आतून फाटलेला. म्हणून नुसतं बघून भागत नाही. गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, होज मधोमध दाबायचा आणि मग क्लिपपासून दोन बोटांवर दाबायचा. टोकाजवळ तो जास्त मऊ, पोकळ लागला तर आतून गेलेला आहे. गाडी थंड झाल्यावर होज चपटा होऊन बसत असेल तर उलट होज निर्दोष असण्याची शक्यता मोठी. झाकणातला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

डाग दिसला तर मी आता काय करतो? आधी मोबाइलवर फोटो काढतो. मग कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण पेनाने करतो, शेजारी तारीख. मगच डाग साध्या पाण्याने पुसतो, जोड कोरडा करतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळून गाडी दोन मिनिटं चालू ठेवतो. ती बंद करून पुन्हा निवेपर्यंत तशीच ठेवतो. पट्टीवर रंग उमटला की प्रश्न संपला. गाडी चालवायच्या आधी पट्टी काढतो, ती पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊन नवं काही व्हायला नको. नाहीच कळलं तर गॅरेजमध्ये हातपंपासारखं दाब तपासायचं यंत्र असतं, ते थंड गाडीला लावून दाब टिकतो का बघतात. पाझर दिसला की क्लिप आणखी आवळावी, असं पहिल्यांदा वाटतं. कधी तेवढ्यानेच काम होतंही. पण जास्त आवळलेली क्लिप रबर कापते, आणि हल्लीच्या रेडिएटरांची तोंडं प्लास्टिकची, ती तडकतात. क्लिप काढून खालचं तोंडही बघावं. ॲल्युमिनियम खाल्लं गेलं असेल तर नवा होजही तिथे पाझरेल.

सांडलेलं कूलंट धुवून टाकावं आणि उरलेलं मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं. ते चवीला गोड असतं आणि विषारी. मांजरं, कुत्री ते चाटतात आणि मरतात. आमच्या चाचांच्या गॅरेजमधलं मांजर असंच गेलं की काय, अशी शंका मला हे कळल्यावर आली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी शेजारच्या कुत्र्याला दोष दिला होता.

विजेवरची गाडी घेणाऱ्या माझ्या भाच्याला वाटतं, यातून आपण सुटलो. त्याला मी सांगितलं, बॅटरी थंड ठेवायला बऱ्याच विजेच्या गाड्यांतही कूलंट फिरतं, आणि ते पाइपमधूनच फिरतं. मात्र तिथे आपण बोटं घालायची नाहीत, पुस्तक सांगेल तेवढंच बघायचं.

अम्मा आता ऐंशीच्या पुढे आहे. गाडी तीच आहे, होज सगळे बदललेले. रत्नागिरीला जायचा विषय निघाला की ती माझ्याकडे न बघता बायकोला विचारते, "त्याने गाडीचं ते पुसून तर नाही ना ठेवलं?" पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीकडे जायचंय. परवा बॉनेट उघडलं तर खालच्या होजच्या टोकाशी नखभर गुलाबी कड दिसली. आज सकाळी इथे यायला निघण्यापूर्वी पट्टी सोडून बघितली. कोरडी होती. बाटलीतली पातळी मात्र खुणेपेक्षा जरा खाली वाटली. सोमवारी गाडी मिस्त्रींकडे नेतोय, न पुसता.